वायपर फिरला की इंजिन अडखळतं: गोव्यात माशेलमधल्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

आमच्या घरची गाडी 1998 ची. चार सिलिंडर, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर, प्लगना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बिघाड गाडीच्या वयामुळे झाला होता आणि त्या काळातल्या कुठल्याही छोट्या पेट्रोल गाडीत तो होऊ शकतो. पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण केलं, मग दर पाच वर्षांनी. 2023 ला पाच हजार रुपये फी भरली. एप्रिल 2022 च्या आधी हेच काम सहाशेत व्हायचं. एवढं करून गाडी ठेवली ती बाबांसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना याच गाडीच्या सीटवर नीट बसता-उठता येतं, आणि महिन्यातून एकदा त्यांना बांबोळीच्या इस्पितळात तपासणीसाठी न्यावं लागतं. म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

मी उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवते. गाडीखाली शिरून काम करणारी मी नव्हे, पण मल्टिमीटर हातात धरता येतो. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण साडेतीन महिने आम्ही चुकीच्या जागी पैसे घालत होतो आणि प्रत्येक वेळी गाडी थोडी सुधारत होती. त्या थोड्या सुधारणेनेच आम्हाला सगळ्यात जास्त फसवलं.

तक्रारी तीन, उपाय तीन

पहिली तक्रार एप्रिलमध्ये आली. सिग्नलला थांबलं की आयडल (उभ्या गाडीत इंजिनाची संथ गती) पडायचं, इंजिन थरथरून बंद व्हायचं. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर काढून साफ केला, चारही प्लग बदलले. दोन आठवडे गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. इथे इथेनॉलचाही विषय निघाला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा टाकीत पाणी साठलं असेल असं गॅरेजवाल्याचं म्हणणं. शंका रास्त होती. मी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं. पाणी जास्त झालं असतं तर तळाला वेगळा थर दिसला असता. तो नव्हता. कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळ्या मात्र कडक होऊन तडकल्या होत्या, त्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेऊन बदलल्या. ते काम या बिघाडाशी संबंधित नव्हतं, तरी करायलाच हवं होतं. इंजिनावर पेट्रोल ठिबकणं ही थांबण्याची गोष्ट नाही.

दुसरी तक्रार जूनच्या पहिल्या पावसात. पाऊस लागला की गाडी मिसिंग मारायची, म्हणजे मधेच ठिणगी चुकून इंजिन अडखळायचं. बाणस्तारीचा पूल ओलांडून जुने गोव्याकडे निघालो की झटके सुरू. पाऊस आणि मिसिंग म्हटलं की कुणीही प्लगकडे जाणाऱ्या हायटेन्शन वायरींकडेच बोट दाखवणार, आणि ते चूकही नाही. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हवेत मीठ असतं. जुन्या वायरीच्या रबराला केसासारख्या चिरा पडतात आणि ओलाव्यातून करंट प्लगकडे जायच्या ऐवजी इंजिनाच्या धातूकडे पळतो. आमच्या चारपैकी तीन नंबरच्या वायरीचा रेझिस्टन्स बाकीच्यांच्या सहापट निघाला. ती खरंच गेली होती. चारही वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर बदलला. मिसिंग निम्मं कमी झालं. निम्मं राहिलं.

तिसरी तक्रार सगळ्यात त्रासाची. तासभर पावसात गाडी चालवून बंद करावी, दहा मिनिटांनी चावी फिरवावी, तर नुसता ‘टक’ असा आवाज. सेल्फ फिरायचाच नाही. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू. बॅटरी तीन वर्षांची होती, ती बदलली. नव्या बॅटरीवरही ‘टक’.

मग आम्ही दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथे सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, हेड गॅस्केट आणि व्हॉल्व्हचं काम निघेल. सत्तावीस वर्षांच्या गाडीबद्दल असं कुणी म्हटलं की माणूस मान डोलावतो. मी एवढंच म्हटलं, खोलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून दाखवा. चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला: 162, 158, 160, 160 पीएसआय. गेलेल्या गॅस्केटमध्ये किंवा जळालेल्या व्हॉल्व्हमध्ये एखादा सिलिंडर बाकीच्यांहून ठळक खाली दिसतो. इथे चौघांत फक्त चार पीएसआयचा फरक. इंजिन निरोगी होतं. पंधरा मिनिटांच्या त्या चाचणीने आमचे तीस-पस्तीस हजार वाचवले. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने इंजिन खोलायला होकार देण्याआधी ती करून घ्यावी, असं मी मनापासून सांगते.

आईचं वाक्य

आषाढी द्वादशीला आमच्या गावात चिखलकालो असतो. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात गावातली माणसं चिखलात खेळतात, आणि त्या दिवशी पाऊस नसला तरच लोकांना चुकल्यासारखं वाटतं. त्या संध्याकाळी मी आईला घेऊन फोंड्याला मावशीकडे निघाले होते. फर्मागुडीच्या चढावर गाडी पुन्हा झटके द्यायला लागली. मी गिअर खाली घेतला, चोक ओढून बघितला. शेजारी बसलेली आई काचेकडे बघत म्हणाली, “अगं, हा वायपर फिरला की ती हुंदका देते. थांबला की गप्प.”

मी लक्ष देऊन ऐकलं. वायपर डावीकडून उजवीकडे, झटका. उजवीकडून डावीकडे, झटका. पाऊस जरा ओसरला, काच अर्धी कोरडी झाली, रबर काचेवर घासत जाऊ लागलं, आणि झटके अधिक जोरात. मी वायपर बंद केला. पाऊस होताच, समोरचं दिसेनासं झालं, पण इंजिन सुतासारखं सरळ चालू लागलं. पुन्हा चालू केला, पुन्हा हुंदका. गाडी बाजूला घेऊन आम्ही दोघींनी हे पाच-सहा वेळा करून बघितलं.

तिथे सगळं उलटं झालं. साडेतीन महिने आम्ही पाऊस आणि मिसिंग यांची जोडी लावत होतो. खरी जोडी वायपर आणि मिसिंग यांची होती. पाऊस फक्त आम्हाला वायपर लावायला सांगत होता, आणि काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअरही.

कोरड्या अंगणात पाऊस

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीचे वायरमन मेस्त घरी आले. गाड्यांच्या वायरिंगचं काम ते तीस वर्षं करताहेत. ते म्हणाले, “बाय, आधी ओलाव्याचा संशय पुरता काढून टाकू, नाहीतर तो परत परत डोकं वर काढेल.” रात्री अंगणातला दिवा मालवला, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि झाडांवर औषध मारायच्या पंपाने वायरींवर, कॅपवर, ठिणगीसाठी जास्त व्होल्ट तयार करणाऱ्या कॉइलवर पाण्याचा बारीक फवारा मारला. वायरीतून करंट निसटत असेल तर अंधारात निळ्या बारीक रेघा नाचताना दिसतात. एकही दिसली नाही. इंजिन शांत. नव्या वायरी आणि कॅप उत्तम होत्या.

मग पुढची काच नुसती ओली केली, वायपर लावला, ब्लोअर पूर्ण सोडला. पावसाचा एक थेंबही नसताना मिसिंग सुरू झालं. घरच्या अंगणात, छपराखाली, आम्हाला हवं तेव्हा. बिघाड हुकमी उभा करता आला की अर्धं काम झालं असं मेस्त मानतात, आणि त्या रात्री मलाही ते पटलं.

आता मोजमाप. कॉइलला किती व्होल्ट मिळताहेत हे बघायची सोपी रीत अशी: मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी कॉइलच्या पॉझिटिव्हला, इंजिन चालू. मधल्या वाटेत जेवढे व्होल्ट हरवतात तेवढे थेट मीटरवर दिसतात. निरोगी वायरिंगमध्ये हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. (काही जुन्या गाड्यांत कॉइलच्या वाटेत करंट आवरणारा बॅलास्ट रेझिस्टर असतो, तिथे मुळातच जास्त आकडा येतो. आमच्या गाडीत तो नव्हता हे मेस्तांनी वायर धरून तपासलं.)

सगळं बंद असताना 1.1 व्होल्ट. वायपर लावला, 2.2. ब्लोअर पूर्ण, 3.8.

बॅटरीवर तेव्हा 13.8 होते, म्हणजे कॉइलला जेमतेम 10. हे ऐकायला फार वाटत नाही. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्ट 13.8 वरून 10 वर आले तर करंट साधारण तेवढ्याच प्रमाणात घटतो आणि ऊर्जा जेमतेम निम्मी उरते. चढावर इंजिनावर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबाखाली ठिणगी पडायला जास्त ताकद लागते, आणि नेमकी तिथे ही निम्मी ठिणगी कमी पडते. म्हणून सपाटीवर कमी त्रास, फर्मागुडीच्या चढावर जास्त. याच कारणाने प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून दिसलेल्या ठिणगीवर विसंबू नये. पहिल्या गॅरेजमध्ये तसं करून “करंट बरोबर आहे” असं सांगितलं गेलं होतं. उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं, दाबाखाली कठीण.

एक पिन

3.8 व्होल्ट कुठे हरवत होते हे शोधायला मेस्त बॅटरीपासून एकेक सांधा पुढे सरकत गेले. बॅटरीपासून डॅशबोर्डाखालच्या जाड वायरीपर्यंत 0.2. इग्निशन स्विचच्या आतल्या संपर्कात 0.2. या दोन्हींच्या मधल्या कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सांध्याच्या) एकाच पिनवर 3.4.

त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मग स्टिअरिंगखालचं झाकण उघडून कपलर ओढला. तो सहज निघेना. प्लास्टिक वितळून एका कडेला चिकटलं होतं. मुळात पांढरा असलेला कपलर त्या कोपऱ्यात चहाच्या तळाशी उरलेल्या साखरेसारखा तपकिरी, आणि आतली पितळी पिन निळी-काळी. मादी बाजूची पकड इतकी सैल की पिन हाताने आत-बाहेर व्हायची. जाड वायरीचं इन्सुलेशन दोन बोटं लांबीपर्यंत कडक होऊन तडकलेलं. वास अजून येत होता, जळलेल्या शिंगासारखा.

हिशेब साधा आहे. त्या पिनमधून 14 अँपिअर जात होते आणि तिच्यावर 3.4 व्होल्ट पडत होते, म्हणजे 48 वॅट उष्णता. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातलं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. तशी जवळजवळ दोन आयर्न आमच्या गुडघ्यांच्या वर, वायरींच्या गुंत्यात, भर पावसात तासतासभर पेटत होती. हे समजलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बाबा त्याच सीटवर बसायचे.

फ्यूज का उडला नाही, असं बाबांनी विचारलं. फ्यूज उडतो तो करंट वाढला तर. सैल सांध्यामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित घटतो, म्हणून फ्यूजला काही कळतच नाही. मोठा फ्यूज टाकून असल्या तक्रारी ‘सोडवणारे’ लोक आहेत. त्यांच्या हातात गाडी देऊ नये.

तिन्ही तक्रारी त्या एका पिनशी येऊन मिळाल्या. इग्निशन स्विचला बॅटरीकडून येणारी ती एकमेव वाट. पुढे तिच्या फांद्या होतात: एक कॉइलकडे, एक वायपर-ब्लोअरकडे, एक सेल्फच्या सोलेनॉइडकडे, म्हणजे सेल्फला बॅटरीची वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचकडे. गाडी चालून पिन तापली की तिचा रेझिस्टन्स आणखी वाढायचा आणि सोलेनॉइडला ताकद अपुरी पडून नुसता ‘टक’. अर्ध्या तासात पिन निवली की सेल्फ चालू.

आणि एप्रिलमधलं आयडल? कार्बोरेटरवर एक छोटी विजेची झडप असते. चावी चालू असेपर्यंत ती आयडलच्या पेट्रोलची वाट उघडी धरते. तिलाही वीज याच वाटेने. व्होल्ट कमी आणि वर झडपेत मळ, म्हणून ती मधेच पडायची. कार्बोरेटर साफ केल्यावर मळ गेला, झडप कमी व्होल्टवरही उघडी राहू लागली, आणि आम्हाला वाटलं दुखणं कार्बोरेटरचंच होतं. उन्हाळ्यात ब्लोअर सतत चालू होता हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पिन सैल का झाली याची मेस्तांनी दोन कारणं सांगितली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी गाडीत मोठा स्टिरिओ बसवताना त्याची तार कपलरच्या त्याच भोकात खुपसली होती. ती नंतर काढली, पण पकड तेव्हाच फाकली. बाकीचं काम खाऱ्या दमट हवेने केलं. पितळेवर एकदा ऑक्साइड धरलं की सांधा तापतो, तापला की आणखी ऑक्साइड धरतो.

एक पुरावा आमच्या घरातच फाइलला लावलेला होता. मेमध्ये काढलेली पीयूसीची पावती. कार्बन मोनॉक्साइड 1.2 टक्के, हायड्रोकार्बन 1390 पीपीएम. आमच्या गाडीच्या पिढीला मर्यादा 3 टक्के आणि 1500 पीपीएम, म्हणून गाडी पास. पण पावती नीट वाचली असती तर? मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड चढतो. तो इथे निवांत होता. एकटा हायड्रोकार्बन चढतो तेव्हा पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडत असतं, म्हणजे ठिणगी चुकते आहे. चाचणी चालू असताना उकाडा होता आणि मी आत ब्लोअर लावून बसले होते. पीयूसीची पावती बहुतेक जण न वाचताच डॅशबोर्डात टाकतात. जुन्या गाडीवाल्याने ते दोन आकडे वर्षावर्षाला लिहून ठेवावेत.

दुरुस्ती

मेस्तांनी जळलेली वायर चार इंच मागे, जिथे तांबं लखलखीत दिसलं तिथे कापली. नवा तुकडा जोडला, नवा कपलर, नवी टर्मिनलं क्रिम्प केली, आणि लॉक तसंच ठेवून स्विचचा मागचा विजेचा भाग नवा घातला. सगळं मिळून साडेनऊशे रुपये, मजुरीसकट. त्याआधी प्लग, कार्बोरेटर, वायरी, कॅप, बॅटरी यांत साडेदहा हजार गेले होते. त्यातल्या वायरी गरजेच्या होत्या, बॅटरी मुळीच नव्हती.

एका गोष्टीवर आमची चर्चा झाली. कॉइलला स्वतंत्र रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून थेट बॅटरीकडून वीज द्यावी का? पुष्कळ जण तसं करतात आणि ठिणगी जोरदार मिळते. माझं मत पडलं की नको. रिले खराब झाला तर गाडी चालता चालता बंद पडेल, आणि गोव्याच्या हवेत बॉनेटखालचा स्वस्त रिले किती टिकेल याचा भरवसा नाही. त्याऐवजी सगळ्यात जास्त करंट खाणारा ब्लोअर रिलेवर घेतला. तो बंद पडला तर घाम येईल, एवढंच. मेस्तांना हे पटलं.

जाता जाता त्यांनी इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी बघितली. हिरवट पावडर धरलेली, निम्मे तंतू तुटलेले. सेल्फ मारताना तिच्यावर 0.6 व्होल्ट पडत होते. पट्टी बदलली, टेकायची जागा पॉलिश पेपरने घासून ग्रीस लावलं. वायपरची रबरंही नवी घातली, म्हणजे मोटरला काचेशी झगडावं लागणार नाही.

त्यानंतर चवथीच्या आठवड्यात बाबांना बांबोळीला नेलं. कदंब पठारावर पावसाने समोरचं काही दिसेना, वायपर जोरात, ब्लोअर पूर्ण. आई मागच्या सीटवरून कान देऊन बसली होती. मेरशीपर्यंत एक शब्द बोलली नाही, मग म्हणाली, “गप्प आहे ती.”

पुढच्या पीयूसीला हायड्रोकार्बन 420 आला. काल रात्री पुन्हा मीटर लावला: बॅटरीवर 13.8, कॉइलवर 13.5, वायपर आणि ब्लोअर दोन्ही चालू. स्टिअरिंगखाली हात घालून कपलर चाचपला. थंड होता.